मिठाच्या कोठारातली सेडान

१३ ऑक्टोबर २०१३, रविवार, दसरा

ही वही कंपनीची आहे, पण चोरलेली नाही. निवृत्तीच्या दिवशी स्टोअरच्या माणसाने शाल-नारळाबरोबर एक कोरं लॉगबुक हातात ठेवलं आणि म्हणाला, "कमळाकरभाऊ, आता घरचा प्रेशर लिवा." रोह्याच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षं बॉयलरवर होतो. दर तासाला प्रेशर, तापमान, पाण्याची पातळी लिहायची. शिफ्ट संपली की पानाच्या तळाशी एका बाजूला 'चार्ज दिला' म्हणून सही करायची, दुसऱ्या बाजूला पुढचा ऑपरेटर 'चार्ज घेतला' म्हणून सही करणार. त्याची सही झाल्याशिवाय गेटबाहेर पाय टाकायचा नाही. या वहीतही पानापानाच्या तळाशी ते दोन रकाने छापलेले आहेत. मी डावीकडे सही करीन, उजवीकडचा मोकळा राहील. आता माझा चार्ज घेणार कोण?

तर आजची मुख्य नोंद. गाडी आणली. पांढरी, पेट्रोल, चार दरवाजे आणि मागे ऐसपैस डिक्की. शोरूमचा पोरगेला सेल्समन सारखा उंच गाडीकडे बोट दाखवत होता. "काका, खाडीकडचे रस्ते, बांधावरची वाट, उंच गाडी घ्या." मी म्हटलं, नाही. कंपनीचे मोठे साहेब तेहतीस वर्षं ज्या प्रकारच्या गाडीतून उतरले, तशीच घेणार. पुढे नाक, मध्ये माणसं, मागे डिक्की. गाडीला आकार पाहिजे.

झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. चंद्रावतीने ओवाळलं. सगळं गाव बघायला आलं. शेजारचा जनू म्हणाला, "साहेब दिसतो रे आता." मी हसलो नाही, पण आतून मी इतका खूश होतो की जेवलोच नाही.

चालक: कमळाकर. मीटर: ६१.


२० ऑक्टोबर, रविवार

गाडी ठेवायची कुठे, हा प्रश्न सुटला. घरासमोर मांडव घालायचा तर पावसाळ्यात गळणार. आमच्या बंद पडलेल्या मिठागराच्या कडेला बापाचं मिठाचं कोठार आहे. घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, दगडी जोतं, कौलं अजून शाबूत. त्यात बापाचं मीठ अख्खा पावसाळा ओल न लागता राहायचं. जिथे मीठ कोरडं राहतं तिथे गाडी कोरडी राहणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. कोपऱ्यात अजून थोडं जुनं मीठ आहे, ते तसंच ठेवलंय. हवेतली ओल ओढून घेईल.

चंद्रावती म्हणाली, "मिठात लोखंड ठेवताव?"

म्हटलं, "तू पापड बघ."


१७ नोव्हेंबर, रविवार

पहिली टाकी. काठोकाठ भरली, संपवली, परत काठोकाठ भरली. अ‍ॅव्हरेज लिटरला १८.६! तेही वडखळच्या ट्रॅफिकमधून आणि हायवेच्या खड्ड्यांतून. जनूला सांगितलं, टपरीवर सांगितलं, कासू स्टेशनच्या तिकीट खिडकीवरच्या बाबूलाही सांगितलं. शिस्तीने चालवलं की गाडी ऐकते. पाय हलका, गिअर वेळेवर, एसी बंद. बॉयलर असो की गाडी, शेवटी सगळं ऑपरेटरवर असतं.

नियम करून टाकला. गाडी अठराच्या खाली आली की दुरुस्त करणार, पंधराच्या खाली आली की विकणार. बिघडलेलं यंत्र घरात ठेवणं माझ्या रक्तात नाही.

जेवताना चंद्रावती म्हणाली, "मी काय म्हनते, मला शिकवाल काय गाडी?"

मी हसलो. ती हसली नाही. तिचा नि बायजाबाईचा पोह्याच्या पापडांचा धंदा आहे. रोह्याचा एक दुकानदार दर महिन्याला चाळीस डबे मागतोय. एसटीत पापडांचा चुरा होतो, आणि बायजाबाईचा टेम्पो इतका म्हातारा की वडखळच्या पुढे गेला की वाफा सोडतो. नवरा गेल्यापासून बायजाबाई तो टेम्पो स्वतः चालवते. त्यात आता हिच्याही डोक्यात भरलं.

"तुमच्या डिक्कीत चाळीस डबे आरामात बसतील," ती म्हणाली.

"डिक्कीला हिंगाचा वास लागेल."

"डबे झाकनाचे हायेत."

"अगो, क्लच सोडणं म्हणजे लाटी लाटणं नव्हे. बावन्नाव्या वर्षी काय ड्रायव्हर व्हायचंय?"

तिने माझ्या ताटात भात वाढला आणि विषय संपला. समजूतदार बाई आहे.


९ जानेवारी २०१४, गुरुवार

दिनक्रम लिहून ठेवतो. सकाळी गाडी पुसणे, पेपर. दुपारी एक ते चार झोप. शिफ्टवाल्या माणसाला झोप मनाप्रमाणे येते, पडलो की ढोल वाजवा. उठलो की चहा.

चंद्रावती सध्या दुपारी बायजाबाईकडे असते. पापडाचा हंगाम सुरू झालाय. डावा गुडघा दुखतो म्हणते. दिवसभर मांडी घालून लाटायचं, दुखणारच. पेणहून तेल आणून दिलं. मी स्वतः चोळून दिलं, तर म्हणाली, "डाव्याच पायाला काम लई पडतं." म्हटलं, मांडी बदलून बस.


२ फेब्रुवारी, रविवार

बिघाड क्र. १. ड्रायव्हरची सीट पुढे सरकते. मी सहा फुटाला दोन इंच कमी, सीट कायम शेवटच्या खाचेत. बुधवारी बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला. मागे घेतली. तीन दिवसांनी परत पुढे. खाच ढिली असणार.

बिघाड क्र. २. आरसा खाली झुकतो. मागची काच दिसायच्या ऐवजी मागची सीट दिसते.

शोरूमला पत्र पाठवलं.

सीटवर एक छोटी उशी सापडली. चंद्रावतीला विचारलं तर गडबडली आणि म्हणाली, "तुमच्या पाठीला." मन भरून आलं. उशी मात्र मला उंच पडते, टाळू छताला लागते. तिचं मन मोडू नये म्हणून मागच्या सीटवर ठेवली.


११ मार्च, मंगळवार

अ‍ॅव्हरेज १६.२. झोप उडाली. म्हणजे दुपारची नाही, ती येते.

शिवाय पुढच्या बंपरला डावीकडे ओरखडा. कोठाराच्या दाराला जनूची म्हैस अंग घासते हे मला माहीत आहे. तडक त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "जनू, तुझ्या म्हशीने गाडी घासली."

जनू गोठ्यात धार काढत होता. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. "कमळाकरभाऊ, माझी म्हस गाडी वळवीत नाय." त्याची बायको आतून फसकन हसली. यात हसण्यासारखं काय होतं? गावात हल्ली सगळेच माझ्याकडे बघून हसतात. मोठी गाडी घेतली की माणसं जळतात.


६ एप्रिल, रविवार

आज मिठागरावर फेरी मारली. वाफे वाळून टणक झालेत, सिमेंटसारखे. मोठ्या वाफ्यात चार दगड मांडलेले आणि त्यांच्याभोवती चाकांच्या खुणा, गोल गोल, एकात एक गुंतलेल्या. अगदी इंग्रजी आठचा आकडा. चाकं गाडीचीच, टेम्पोची नव्हेत. कुणाच्या तरी लग्नाला आलेली टवाळ पोरं मोकळ्या जागेत गाड्या फिरवतात, दुसरं काय. दगड उचलून फेकून दिले.

चंद्रावतीला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. "सगले दगड फेकलेत?" म्हणाली. हिला बापाच्या मिठागराची माझ्याहून जास्त माया.

हल्ली तिचे प्रश्नही मजेदार असतात. काल भाकरी थापता थापता म्हणाली, "चढावर थांबले नि गाडी मागं सरकाय लागली, तर आधी काय सोडायचा?" मी म्हटलं, हँडब्रेक ओढ, क्लच अर्धा सोड, गाडी थरथरली की मग हँडब्रेक सोड. दहा मिनिटं नीट समजावून सांगितलं. बाईने भाकरी करपू दिली, पण ऐकलं. रिकाम्या वेळात माणूस काहीही विचारतो, पण मला सांगायला बरं वाटलं.


४ मे, रविवार

मीटर पळतो!

आता पुरावाच मांडतो. या टाकीत मी रोह्याला दोनदा गेलो, पेणला तीनदा. रोहा बेचाळीस किलोमीटर, पेण बारा. जाऊन-येऊन एकूण दोनशे चाळीस. मीटर म्हणतो तीनशे तीस. नव्वद किलोमीटर गाडी कोठारात उभ्या उभ्या चालली काय? पेट्रोल लागलं चोवीस लिटर. मीटरप्रमाणे पावणेचौदा, खऱ्या अंतराप्रमाणे दहा. दहा! ट्रकसुद्धा लाजेल.

शोरूमला तिसरं पत्र. सर्व्हिसिंगपर्यंत थांबतो, मग पंधराचा नियम लावतो.


१५ जून, रविवार

काल सर्व्हिसिंग. शोरूमचा इंजिनिअर सज्जन होता. गाडी तासभर चालवून आला आणि म्हणाला, "काका, गाडीत काही दोष नाही. क्लच मात्र वयापेक्षा जास्त झिजलाय. गाडी अजून कोणी चालवतं का?"

म्हटलं, "चावी माझ्या उशाला असते. दुसरी देव्हाऱ्यात, देवाच्या पायाशी. आता देव चालवत असेल तर माहीत नाही."

मग गाडी वर उचलली. मिठाच्या कोठारात ठेवतो म्हटल्यावर मेकॅनिकने कपाळावर हात मारला. पण खाली गंजाचा टिपूस नाही! "खालून जाड काळा थर दिलाय, काम एक नंबर," तो म्हणाला. कंपनीनेच दिलेला असणार. मीटर खोटा, सीट ढिली, पण पत्रा मात्र पोलादी. मान द्यायला हवा तिथे मी देतो.

घरी येऊन चंद्रावतीला सांगितलं. ती विहिरीवरून गोड्या पाण्याच्या बादल्या भरत होती. दर दोन-तीन दिवसांनी ती कोठाराकडे बादल्या नेते, बायकांना धुण्याचा सोस. "खाली गंज नाय म्हनाला?" तिने दोनदा विचारलं. मग गाणं गुणगुणत बादल्या घेऊन गेली.


२० जुलै, रविवार

१३.९. नियम म्हणजे नियम. गाडी विकणार.

रोह्याच्या दिनानाथला फोन केला. बॉयलरवर माझ्या नंतरच्या शिफ्टला असायचा. तेहतीस वर्षांतली निम्मी वर्षं माझा चार्ज त्यानेच घेतला. सगळे दोष सांगितले, तरी घ्यायला तयार आहे. "तुझ्या हातची वस्तू हाय ना, मंग झाला," म्हणाला.

चंद्रावतीला सांगितलं तेव्हा ती पापडाचं पीठ कुटत होती. मुसळ हातातच राहिलं.

"ईकताव?"

"पंधराच्या खाली आली."

"थोडी कल काढा. वाढेल अ‍ॅव्हरेज."

"आपोआप?"

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "नारली पुनव होऊ द्या. सनाच्या आधी घरातली लक्ष्मी भायेर काढू नये." खरं आहे. थांबतो.

रात्री ती जेवली नाही. हिलाही गाडीचा लळा लागलाय, आणि बिचारी कधी पुढच्या सीटवरसुद्धा बसली नाही. कायम मागे, डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन. मलाच वाईट वाटलं. मी तरी कुठे खुशीने विकतोय? सकाळी कोठाराचं दार उघडलं की ती पांढरी दिसते आणि मला अजून दसऱ्यासारखं वाटतं. पण माया लावून यंत्र सुधारत नाही.


१० ऑगस्ट, रविवार, नारळी पौर्णिमा

खाडीला नारळ वाहिला. भरती जबरदस्त होती, बाहेरच्या बांधाला पाणी वीतभर कमी. खेकड्यांनी बांध पोखरलाय, आम्ही तीन ठिकाणी चिखल थापला. पौर्णिमेपेक्षा नंतरच्या दोन दिवसांची भरती मोठी, हे खाडीकाठच्या पोरालाही माहीत असतं.

परवा दिनानाथकडे जाऊन बोलणं पक्कं करतो.


११ ऑगस्ट, सोमवार

चंद्रावती सकाळीच बायजाबाईच्या टेम्पोतून पेणला गेली. नवी साडी, केसांत अबोली. कुठल्याशा ऑफिसात कागदाचं काम म्हणाली. दुपारी आली ती चेहरा उजळून. काल नारळीभात झालेला असताना आज परत नारळीभात. बायजाबाईही जेवायला. दोघी स्वयंपाकघरात इतक्या हसत होत्या की मला झोप लागली नाही. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा.

"आज काय विशेष?"

"उद्या रोह्याशी परत येताव ना, मंग सांगते. नीट बसून सांगायचा हाय. तवर सौदा पक्का करू नका."

बायकांचं काहीतरी असेल. सौदा पुरुषांचं काम.


१२ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळ. सुरुवातीपासून लिहितो, नाहीतर पुढचं मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी गाडी न नेता आगगाडीने रोह्याला गेलो. विकायच्या गाडीचे किलोमीटर कशाला वाढवायचे? दिनानाथने चहा केला. मी म्हटलं, आज आपण पक्कं करू. त्याने हात पुढे केला. मी हात पुढे करणार, तेवढ्यात फोन वाजला. साडेबारा वाजले होते. जनू.

"कमळाकरभाऊ, खांड गेली! भायेरचा बांध फुटला. तुमच्या कोठारात पानी शिरला. खालच्या आलीत कमरेएवढा..." आणि फोन तुटला.

कोठारात खारं पाणी. मला पहिल्यांदा गाडीच दिसली, हे कबूल करतो. पांढरी गाडी आणि खिडकीपर्यंत खाडी. मग चंद्रावतीला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत. सात वेळा. खालच्या आळीत बायजाबाईचं घर, आणि दुपारची चंद्रावती कुठे असते? बायजाबाईकडे. घरात बायजाबाईची सासू धोंडुबाई, ऐंशी वर्षांची, तिला उठवत नाही. चंद्रावती तिला सोडून बाहेर पडणार नाही, हे मला माहीत आहे. ती तशी बाई आहे.

दिनानाथ स्टेशनापर्यंत आला. काहीतरी धीराचं बोलत होता, मला एक अक्षर आठवत नाही. गाडी सुटली. नागोठणं येईपर्यंत माझ्या डोक्यातून सेडान गेलेली होती. मी देवाशी सौदा करत होतो: गाडी ने, कोठार ने, मिठागर ने, पण ती फोन उचलू दे. डब्यात माणसं होती, तरी मी रडलो. लाज वाटली नाही.

कासूला उतरलो. तिथून गाव सहा किलोमीटर. पळत जायचं ठरवून स्टेशनाबाहेर आलो, आणि समोर माझी गाडी उभी.

दरवाजांपर्यंत चिखल. पहिला विचार: चोराने इथे आणून सोडली. दुसरा विचार आलाच नाही, कारण ड्रायव्हरच्या सीटवर उशी घेऊन, आरशात बघून कपाळावरचा चिखल पुसत चंद्रावती बसली होती.

मी सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेलो.

"तिकडून बसा," ती म्हणाली.

मी वळसा घातला आणि डाव्या बाजूने बसलो. बसल्यावर पाय कुठे ठेवायचे कळेना.

"फोन?" एवढंच तोंडातून निघालं.

"गाडी चालवताना फोन उचलायचा नाय, तुमीच सांगताव ना सगल्यांना?"

मग तिने सांगितलं. बांध फुटला तेव्हा ती बायजाबाईकडेच होती. टेम्पो पाण्यात चालूच होईना. ही घरी धावली, देव्हाऱ्यातली चावी घेतली, कोठारात घोट्याएवढ्या पाण्यात गाडी चालू केली आणि बांधाच्या वाटेने, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला चढतं पाणी, पहिल्या गिअरमध्ये बायजाबाईच्या अंगणापर्यंत नेली. जनूने धोंडुबाईला उचलून मागच्या सीटवर निजवलं. पाणी तोवर गुडघ्याखालीच होतं; कमरेएवढं चढलं तेव्हा त्याने मला फोन केला, पण गाडी निघाली हे सांगायच्या आत तो तुटला. डिक्कीत पापडाचे डबे. मग तशीच मागे, रिव्हर्समध्ये, कारण वळायला जागा नव्हती. दोनशे पावलं रिव्हर्स! मला जमलं नसतं. हे मी पुसली न जाणाऱ्या शाईने लिहितोय. मला जमलं नसतं.

"धोंडुबाई?"

"बायजाच्या बहिनीकडं, हितंच कासूला. चा पिते. मंग इचार केला, तुमची गाडी यायची वेल झाली. आले."

"अगो, पण लायसन?"

तिने कमरेची पिशवी सोडली आणि पावती माझ्या हातात दिली. कालची तारीख. पेणचं आरटीओ. "पास झाले. आठ काढला, चढावर थांबवली, रिव्हर्स घेतला. साहेब म्हनला, मावशी, हँडब्रेक कोनी शिकवला? म्हटला, मालकांनी."

आठ. चार दगड. सीट. आरसा. डावा गुडघा. जनूची म्हैस. मीटरचे नव्वद किलोमीटर. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं, आणि मी त्या चिखलाच्या गाडीत इतका हसलो की तिकीट खिडकीवरचा बाबू बाहेर आला. हसता हसता परत रडलो. ती म्हणाली, "पट्टा लावा." आणि गाडी अशी सोडली की एक धक्का नाही.


१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळपासून सगळं गाव बांधावर. ओहोटीत खांड बुजवली, दगड, माती, पेंढा, चिखल. मी टोपल्या वाहिल्या. जनूची माफी मागितली. "माझी नको, म्हशीची मागा," तो म्हणाला. मागितली.

सगळ्यांना माहीत होतं. सगळ्या गावाला. डिसेंबरपासून, मी दुपारी झोपलो की बायजाबाई तिला शिकवायची.

ही पूर्ण वही परत वाचली. शरमेने कान तापले. मी तिला शिकवायला नाही म्हटलं आणि तिने भात वाढला, एवढंच त्या पानावर आहे. ती कशी दिसली, काय वाटलं असेल, एक शब्द नाही. बॉयलरचं प्रेशर मी दशांशापर्यंत लिहिलं.

दिनानाथला फोन केला. गाडी विकायची नाही.

"आणि तो पळणारा मीटर?"

"मीटर खरा होता. ऑपरेटर झोपला होता."

चंद्रावती कुठे आहे? बायजाबाईला घेऊन गाडी पेणला धुवायला गेलीय, गोड्या पाण्याने, खालून. काय घाई होती, उद्या चाललं असतं.


३ ऑक्टोबर, शुक्रवार, दसरा

गाडीला एक वर्ष झालं. हार, लिंबं, ओवाळणी. या वेळी मी ओवाळलं. जनूच्या बायकोपासून सगळ्या बायका बघायला जमल्या, मला ताट धरता येईना, तेल सांडलं.

मग रोह्याला. डिक्कीत चाळीस डबे, एक तुटका पापड नाही. मी डावीकडे बसलो. जाताना काठोकाठ टाकी भरली, येऊन परत काठोकाठ भरली. मीटर: ८४ किलोमीटर, रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी तंतोतंत. मी तीन वेळा भागाकार केला.

१९.३.

माझ्या हातून कधी १८.६ च्या वर गेली नव्हती. मान्य करायला मला पेट्रोल पंपापासून घरापर्यंतचा अख्खा रस्ता लागला. मग म्हटलं, "एकोणीस पूर्णांक तीन." ती म्हणाली, "एसी लावला असता तर कमी झाला असता." याच शिस्तीच्या बाईला मी म्हणालो होतो, क्लच म्हणजे लाटी नव्हे.

वाटेत मेकॅनिकने गाडी परत उचलून बघितली. खारं पाणी लागूनही खाली गंजाचा डाग नाही. मी दिनानाथला, दुकानदाराला, सगळ्यांना सांगितलं, काय ती बिल्ड क्वालिटी! चंद्रावती खिडकीबाहेर बघून हसत होती. "काय झालं?" "काय नाय." आता गाडी कोठारात ठेवायची नाही, घरासमोर मांडव घालायचा, असं तिने ठरवलंय. का, ते सांगत नाही. चालक ती आहे, तिचं ऐकायला हवं.

घरी आलो आणि ही वही तिच्यासमोर ठेवली. तळाशी उजवीकडचा रकाना वर्षभर मोकळा आहे, तो दाखवला. कंपनीची पद्धत समजावून सांगितली: देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, आणि पुढच्या शिफ्टला काही सांगायचं असेल तर एक ओळ शेरा. तिने पदराला हात पुसले आणि पेन मागितलं.

चालक: चंद्रावती. मीटर: ६,८१२.

चार्ज दिला: कमळाकर
चार्ज घेतला: चंद्रावती

शेरा: सीट पुढे घेतली हाय. कोणी मागे सारू नये.